शालूला काही फरक न्हाई

हे मी आजवर कुणाला बोलले न्हाई. नवऱ्याला न्हाई, सख्ख्या बहिणीला न्हाई. शालूला तर बिलकुल न्हाई — ती माझी लेक, आन् हकीकत तिचीच हाय. तुमाला सांगते. हसू आलं तर हसा, मला पण येतं. आधी येतं, मग... जाऊ द्या.

आमी तवा येलदरीला ऱ्हायचो. आमचे मालक धरणाच्या वीजघरात कारकून, शालू तिसरीत. पोरगी कसली, अंगात नुसतं वारं! एक घास ताटावर, दुसरा अंगणात, तिसरा शेजाऱ्याच्या पेरूवर. पाटीवर अक्षर अर्धं सोडून सरडा बघायला पळायची. एक दिवस शाळेतले वाघमारे गुरुजी घरी आले. म्हणाले, वैनी, पोरगी लय हुशार हाय, वांड न्हाई. तिचं मनच एका जागी टिकत न्हाई, परभणीला लेकरांच्या डॉक्टरला दाखवा. आता माझी नातवंडं त्याला एडीएचडी म्हणतात. सासूबाई तवा 'बापावर गेली' म्हणायच्या.

डॉक्टरनं गोळी दिली आन् बजावलं — गोळी कमी-जास्त मी तुमच्या सांगण्यावरून करणार. घरात आईनं बघायचं, शाळेत गुरुजींनी. दर महिन्याला येऊन खरं खरं सांगायचं.

खरं खरं! आता तुमीच सांगा, लेकराचं चांगलं चारचौघांत कुणी बोलतं का? आमच्यात लेकरू गुटगुटीत असलं तरी आई म्हणती, कुठं हो, वाळलंय नुसतं. नजर लागती ना! तिथं बाकावर बाया बसलेल्या, दार सताड उघडं, आन् डॉक्टर खड्या आवाजात इचारणार — काही फरक? अहो, फरक लय होता! पहिल्याच महिन्यात शालूनं ताटावरून न उठता आख्खी भाकर खाल्ली, आन् मी मोरीत जाऊन आनंदानं रडले. डॉक्टरला काय सांगितलं? "काही फरक न्हाई." वर घरी येऊन मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली.

डॉक्टरनं गोळी वाढवली.

मला कळायला नको होतं का? पण मी आपली म्हणले, वाढवली तर वाढवली, आणखी चांगली होईल. पुढच्या खेपेला परत तेच. या वेळी मालक बरोबर होते. त्यांच्याजवळ गुरुजींनी निरोप दिला होता की शालू आता धडा पुरा करती, पहिल्या महिन्यापासूनच करती. डॉक्टर चक्रावले. शाळा म्हणती सुधारली, आई म्हणती न्हाई — कुणाचं धरायचं? मालकांनी माझ्याकडं बघितलं. आन् मी —

मी म्हणले, "गुरुजींचं काय, बोलायचं म्हणून बोलतात."

तवा नजरेचं भ्या नव्हतं हो. नजरेचं नाव काढून मी सुटणार न्हाई. तवा फक्त मालकांसमोर खोटी पडायचं भ्या होतं.

गोळी आणखी वाढली. शालूची भूक गेली, झोप गेली. भिंतीकडं बघत बसायची. अंगणात सरडा आला तरी उठेना. शालू, आन् सरड्याला उठेना! गुरुजी तसेच धावत आले — गोळी जास्त होतीय, डॉक्टरला सांगून कमी करा. मालकांनी त्यांना उंबऱ्याबाहेरच उभं ठेवलं आन् सुनावलं, तुमच्या थापांनी डॉक्टर चक्रावले, त्यातूनच हा घोळ झाला. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते, गावोगाव तेढ माजलेली. गुरुजी बौद्ध. त्यांना खोटं ठरवायला आमच्या आळीत कुणी पुरावा मागणार न्हाई, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच डॉक्टरसमोर त्यांचं नाव इतकं सहज तोंडात आलं का? मी दाराआड उभी होते, हाताला पीठ. तशीच परत परातीकडं वळले. ते परत आमच्या दारी आले न्हाईत.

त्याच आठवड्यात परभणी गाठली. मालकांना केळी आणायला पिटाळलं, दार लोटलं आन् डॉक्टरच्या कानाशी कुजबुजले, "ती पहिल्याच महिन्यात बरी झाली होती हो." डॉक्टरनं कपाळाला हात लावला. गोळी पहिल्याइतकी केली. शालू परत सरड्यामागं पळायला लागली, पण धडा संपवून. डॉक्टरला खरं कळलं. मालकांना न्हाई. गुरुजींची तर पुढं सेलूला बदली झाली.

शालू दहावीला पहिल्या वर्गात पास झाली, त्या साली जिंतूरच्या स्टँडवर गुरुजी दिसले. केस पिकले होते. त्यांनीच हाक मारली. तब्येत न्हाई, पाऊसपाणी न्हाई, पहिला सवाल हाच — वैनी, कशी हाय आमची शालू?

पिशवीत तिच्या पास झाल्याचे पेढे होते, बहिणीकडं न्यायला घेतलेले. त्या माणसाचा त्यावर पहिला हक्क होता. आजूबाजूला ही गर्दी, चार बाया कान देऊन. आन् ही मेली जबान —

"हाय आपली, गुरुजी. काही फरक न्हाई."

त्यांचं तोंड उतरलं. म्हणाले, "असू द्या वैनी. आपण प्रयत्न केला." आपण, म्हणाले. तेवढ्यात माझी बस लागली. मी पेढ्यांची पिशवी पोटाशी धरली आन् चढले.