विहिरीवरची हसरी बाई

माझी आई एका सिनेमात आहे. नायिका विहिरीवरून पाणी घेऊन निघते, तिच्यामागून गावातल्या बायका येतात, त्यातली डावीकडची. आईचं माहेर बीदरजवळ, अष्टूरच्या बहमनी कबरींच्या घुमटांपासून हाकेच्या अंतरावर. तिच्या लग्नाआधी सिनेमावाले तिथं उतरले होते आणि शेतातून परतणाऱ्या पोरींना त्यांनी घागरी देऊन उभं केलं होतं. सिनेमा बीदरच्या टॉकीजला लागला तोवर आई लग्न होऊन भालकीला आली होती. सासरी सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती. त्यामुळे तिनं तो पाहिलाच नाही.

गेल्या वर्षी तो मला मोबाईलवर सापडला. चित्र पिवळं पडलेलं, आवाज खरखरीत. विहिरीचा प्रसंग आला तसा मी फोन आईच्या हातात दिला. मला वाटलं, ती स्वतःला शोधेल. तिनं बोट ठेवलं ते शेजारच्या मुलीवर.

"ही बघ! तोंडावर पदर धरलाय का न्हाई? हसायलीय ती. सारखी हसायची. सिनेमाचा सायेब लई ओरडला, पुन्यांदा पुन्यांदा चालायला लावलं. मी तिला चिमटा काढायलेय बघ."

खरंच, नीट पाहिलं तर आईचा एक हात खाली गेलेला दिसतो.

ती आईची मैत्रीण. घरात कन्नड बोलणारी, पण आईशी मराठीत भांडणारी. दोघी एकत्र खुरपायला जायच्या. लग्नानंतर आई तिला एकदाच भेटली, कुणाच्या तरी लग्नात, गर्दीत. मग आईचे आईवडील गेले, भाऊ हैदराबादला गेले आणि त्या बाजूला जायचं कारणच उरलं नाही.

"नेतीस का मला तिथं?" आईनं विचारलं.

एका रविवारी आम्ही निघालो. बस बीदरच्या अलीकडं नौबादला आली तशी आई खिडकीशी सरकून बसली. बीदरहून ऑटो केला. अष्टूरला उतरल्यावर मी फोनवर ते दृश्य थांबवलं आणि घुमटाकडे धरून जागा जुळवू लागले. सिनेमात घुमटाच्या एका अंगाला चिंचांची रांग आहे, पुढं ज्वारी उभी आहे, मधून पायवाट येते. घुमट तेवढा तसाच होता. भोवती लोखंडी कुंपण, आत कापलेलं गवत. चिंचा रस्ता रुंद करताना गेल्या होत्या. ज्वारीच्या जागी प्लॉटचे पांढरे दगड रोवलेले. घुमट चित्रातल्याएवढा दिसावा म्हणून मी मागं मागं सरकत गेले, तेवढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला. कॅमेरा उभा होता ती जागा आता रस्त्याच्या मधोमध होती.

विहिरीवर जाळी बसवली होती. आईनं वाकून पाहिलं. खाली हिरवं पाणी आणि त्यावर बाटल्या. पलीकडे लग्न ठरलेलं एक जोडपं फोटो काढून घेत होतं. मुलीला भाड्याची नऊवारी नेसवली होती आणि फोटोवाला तिला सांगत होता, "मॅडम, थोडं हसा."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चल, तिचं घर दाव‍ते तुला."

मैत्रीण गावातच दिलेली, त्यामुळे घर आईला ठाऊक होतं. मातीचं घर जाऊन सिमेंटचं झालं होतं, पण दारातला कडुनिंब होता. तिची सून बाहेर आली. आईनं कन्नडमध्ये ओळख सांगितली. सून "बर्री, बर्री" करत आम्हाला आत घेऊन गेली.

समोरच्या भिंतीवर हार घातलेला फोटो होता. आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला. डोळे ताठ, ओठ घट्ट मिटलेले.

"अत्ती मागच्या दिवाळीनंतर गेल्या," सून म्हणाली. सासूला ती अत्ती म्हणे. "दुसरा फोटोच सापडला नाही."

मी आईला बसवलं. तिनं मला फोन काढायची खूण केली. मी फोन काढला आणि सुनेला विहिरीचा प्रसंग दाखवला. कोणती ते आईनं सांगितलं. सुनेनं एकदा पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं, फोन डोळ्यांजवळ नेला.

"ह्या अत्ती? मी आले तेव्हापासून त्यांना असं हसताना पाहिलं नाही." मग फोन परत देताना ती म्हणाली, "भालकीच्या मैत्रिणीचं नाव फार काढायच्या. आजारी होत्या तेव्हा म्हणायच्या, एकदा न्या मला. आमच्याकडं पत्ता नव्हता. आम्हीही मनावर घेतलं नाही."

"आन् मी हितं यायला कुणाला भ्याले होते?" आई माझ्याकडं वळून म्हणाली. "सासू गेली, सासरा गेला. तुझे बाबा तर कधी नको म्हनलेच न्हाईत. कामून आले न्हाई मी?"

अडवणारं कुणीच नव्हतं. उद्या जाऊ, सुगी झाल्यावर जाऊ, पोरांच्या परीक्षा झाल्यावर जाऊ, असं करता करता आयुष्य गेलं होतं.

सुनेनं चहा केला. निघताना मी तो प्रसंग तिच्या फोनवर पाठवला. आईनं भिंतीवरच्या फोटोकडं न बघता सुनेचा हात धरला आणि "येते" म्हणाली.

मध्ये सुनेचा फोन आला होता. विहिरीवरच्या प्रसंगातून फोटो काढून मोठा करायला दिला होता, पण दुकानदार म्हणाला, चेहरा फुटतो, नुसते ठिपके दिसतात. तो आधारचाच फोटो अजून भिंतीवर आहे.

हिवाळ्यात मला कामासाठी बीदरला जायचं होतं. आईला म्हटलं, चल, अष्टूरला जाऊन येऊ. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तू जाऊन ये. मी आता तिथं कुणाकडं जायचं?"