सार्जंटांचा अहवालाचा प्रवेश

मी कडक इस्त्री करून आणलेला गणवेश सार्जंटांनी माझ्यासमोर चुरगाळला, मग दुसरा, मग तिसरा. "ही माणसं ट्रकमधला माल उतरवायची, सुनीता. रायफली त्यांना दिल्याच नव्हत्या."

अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या आमच्या हौशी नाट्यसंस्थेत ते दिग्दर्शक आणि मी कपडेपटावर. सैन्यातून निवृत्त झालेले, पंचाहत्तरी ओलांडलेले काळे गृहस्थ. नाटक त्यांनीच लिहिलेलं, वडिलांच्या पलटणीवर. दुसऱ्या महायुद्धातली फक्त काळ्यांची पलटण, अधिकारी तेवढे गोरे.

तालमीला कुणा नटाला उशीर झाला की ट्रॅफिकची सबब चालत नसे. "माझ्या वडिलांना कँटीनबाहेर उभ्याने जेवावं लागायचं. तू निदान गाडीत बसला होतास."

त्या कँटीनमध्ये आम्हालाही बसू द्या, एवढंच वडिलांनी मागितलं होतं. पलटणीच्या गोऱ्या कॅप्टनने बंडखोरीचा अहवाल लिहिला आणि वडील तुरुंगात गेले. तो अहवाल नाटकात जसाच्या तसा होता. आमच्या हॉलचा मालक त्या कॅप्टनचा मुलगा. सार्जंटांनी शोधून काढून तोच हॉल घेतला होता.

मालकाचा निरोप आला: तो अहवालाचा प्रवेश काढा, नाहीतर हॉल मिळणार नाही. मी म्हटलं, "दोन मिनिटांचा तर आहे. द्या सोडून."

"तुला सोडून द्यायची फार घाई असते," ते म्हणाले, आणि त्यांनी मालकाला तालमीला बोलावलं. म्हणे, एकदा ऐका, मग ठरवू. त्या दिवशी कॅप्टनचं काम करणाऱ्या नटाला त्यांनी मुद्दाम सुट्टी दिली होती. संहिता मालकाच्या हातात ठेवून म्हणाले, "आमचा माणूस आला नाही. जरा वाचता का?"

समोर पलटणीतले बारा नट सावधान उभे. मालक वाचू लागला. 'ही जात माणसांच्या पंगतीला बसवण्याच्या लायकीची नाही' इथे तो थांबला.

"वाचा पुढे," सार्जंट म्हणाले. "तुमचे वडील इथे थांबले नव्हते."

मालक संहिता खुर्चीवर टाकून निघून गेला.

हॉल गेला. प्रयोग एका चर्चच्या तळघरात झाले, अहवालासकट. पहिल्या रांगेत मालकाच्या नावाची चिठ्ठी लावलेली खुर्ची सार्जंट दर प्रयोगाला राखून ठेवत. ती कधी भरली नाही.

गेल्या हिवाळ्यात सार्जंट गेले. अंत्यविधीला मालक फुलं घेऊन आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. "मोठ्या मनाचा माणूस. शेवटी त्यांनी मला माफ केलं असेल."

"नाही," मी म्हटलं. "मी त्यांना विचारलं होतं."