कोरड्या तांदळाची साक्ष

वाटीभर तांदूळ पाहिले की ते प्रकरण अजून माझ्या डोळ्यांपुढे उभं राहतं. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी मालवण बंदरावरच्या चौकीत जमादार होतो. शिक्षण चौथीपर्यंत, पण माणूस ओळखण्यात मी कुणाला हार गेलो नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

एका सकाळी गलबत हाकणारा एक तांडेल चौकीत आला. दुसऱ्या दिवशी त्याचं गलबत मुंबईला सुटायचं होतं आणि गलबतावरचा होका, म्हणजे होकायंत्र, गायब! संशय सात खलाशांवर. मी तक्रार लिहून घेतली आणि सातही जणांना ओळीने बसवलं.

माझी एक रीत होती. संशयिताला मूठभर तांदूळ चावायला द्यायचे. चोराची भीतीने लाळ आटते, तांदूळ कोरडेच बाहेर येतात. शिपायाला तांडेलाच्याच घरी तांदळासाठी पिटाळलं. तो हसत आला. "जमादार, काय बाई आसा! कणगीत हात घालूक देयना. म्हणता, वरचेच घेवा, खोल जाव नकात."

मी लक्ष दिलं नाही. सहा जणांनी ओला लगदा थुंकला. सातव्याचे तांदूळ पिठासारखे कोरडे.

"खंय ठेवलंस होका?"

"मी चोरूक नाय, जमादारानू! पोटात कळ येता म्हणान दवाखान्यातला औषध घेतंय. त्येनाच तोंडाक कोरड पडता."

"औषध पोटात आणि कोरड तोंडात? माका शिकवतंस?"

पोरगा रडकुंडीला आला. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं. एकदा चोर ठरला की बंदरावर कुठला तांडेल त्याला गलबतावर घेणार आणि कुठला बाप मुलगी देणार? त्याचं खोटं उघडं पाडायचं म्हणून मी त्याला हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "खरं बोलतोय तो. याच्या औषधात बेलाडोना आहे. आपल्या धोत्र्याच्याच जातीचं. नसा शरीराला हुकूम पाठवतात, लाळ सोड, आतडं आवळ. हुकूम घ्यायला जागोजागी दरवाजे असतात. हे औषध त्या दरवाजात जाऊन बसतं. हुकूम येतो, पण आत शिरत नाही. म्हणून कळ थांबते आणि लाळही."

"पहाऱ्यावरच्या शिपायाने टपालवाल्याला फाटकावर अडवावं तसं?"

"अगदी तसंच."

समजलं सगळं, पण पटवून घेणं माझ्या स्वभावात नव्हतं. "माझ्यावर चालायचं नाही," मी म्हणालो. डॉक्टर हसले आणि बाटलीतून माप करून एक डोस माझ्या हातात दिला. कडू जहर! तासाभराने जीभ टाळूला चिकटली. खिशातल्या वहीतली बारीक अक्षरं पुसट दिसू लागली. डॉक्टरांनी तांदूळ दिले. मी चावले, चावले आणि थुंकलो. भुरभुरीत पीठ!

"मग जमादार," डॉक्टर म्हणाले, "होका कुठे ठेवलात?"

खलाशी पोट धरून हसला. मीही हसलो. आपण चुकलो हे एकदा कबूल केलं की डोकं चालू लागतं. शिपायाचं बोलणं आठवलं. वरचेच घेवा, खोल जाव नकात.

तांडेलाला घेऊन थेट त्याच्या घरी गेलो. आधी तांब्याभर पाणी प्यालो, मग म्हटलं, "वहिनी, आता तळाचे तांदूळ काढा."

तांडेलाची बायको पदरात तोंड लपवून हसायला लागली. "माझी चार बाळंतपणा झाली, चारय वेळा ह्यो बाबा दर्यात! आता लेकीचा पयला आसा. म्हटलंय, ह्या वक्ताक तरी बापूस घरात ऱ्हवांदे."

कणगीच्या तळाशी होका निघाला. तांडेलाने त्यावरचे तांदूळ झटकले आणि तो बायकोकडे वळला. बोलला एवढंच, "सांगलं असतंस तर ऱ्हवलंय असतंय गो." गलबताच्या मालकाला निरोप धाडून त्याने गलबत आठ दिवस थांबवलं. चौथ्या दिवशी नात झाली.

तेव्हापासून कुणाला तांदूळ चावायला लावले नाहीत. कोरडं तोंड म्हणजे फक्त कोरडं तोंड. ते कशाने कोरडं पडलं हे विचारायचं असतं, आणि समोरचा सांगेल ते ऐकायचं असतं. चौथी शिकलेल्या मला पाचवी इयत्ता त्या बाटलीने शिकवली.

बारशाला मला मानाने बोलावलं. पंगतीत भात वाढायला तोच खलाशी होता. माझ्या पानापुढे येऊन तो मोठ्याने ओरडला, "वयनीनू, जमादारांका भात नको, तांदूळ घेवन येवा!"

पंगत हसून लोळली. मी दोनदा भात मागून घेतला.