मोजून दिलेलं पाणी

"खाली बस. ओंजळ धर. तांब्याला हात लावू नको."

मी नऊ वर्षांची होते. शेणवे गावाजवळच्या एका शेतमालकाचं अंगण. वैशाख. रोपांसाठी भाताचं बी जिथे पेरायचं ती जागा आमच्याकडे पावसाआधी भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. त्या राबासाठी आई सकाळपासून शेण आणि पालापाचोळा वाहत होती. मला तहान लागली म्हणून मी एकटीच मालकाच्या घराकडे गेले आणि पाणी मागितलं. मालकीणबाईंना आम्ही काकी म्हणायचो. त्या ओटीवर उभ्या राहिल्या. मी पायरीखाली उकिडवी बसले. त्यांनी वरून धार सोडली. माझे हात लहान. निम्मं पाणी कोपरांवरून गळालं, थोडं नाकात गेलं. ठसका लागला. ओटीवरचे हसले. "वासरू बघा कसं पितंय," कोणीतरी म्हणालं. मी उठल्यावर काकींनी उरलेलं पाणी मी बसले होते त्या जागेवर ओतलं. जागा धुतली.

रिकामी टोपली घेऊन आई मागे उभी होती. तिने सगळं पाहिलं. आमच्या बौद्धवाड्याकडे परतताना म्हणाली, "दुसऱ्याच्या दारात तहान लागू द्यायची नाय, बाय." कनवटीचा चिंचोका काढून तिने माझ्या तोंडात घातला. "हा चघळ. तोंड सुकत नाय."

तो तिचा बाणा होता. मजुरी नाकारणं तिला शक्य नव्हतं. पाणी नाकारणं शक्य होतं. सकाळी घरून एक तांब्या पिऊन निघायची, तो संध्याकाळपर्यंत. एकदा बाटली भरून नेली, तर काकी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आमचं पाणी गोड लागत नाय काय गो तुला?" पुन्हा नेली नाही. शिवाय उघड्या शेतात लघवीला आडोसा कुठे? बरोबरच्या बायका कौतुकाने म्हणायच्या, "हिला पाणीच लागत नाय." आईला त्याचा अभिमान होता. मलाही होता.

मी शिकले. डोळखांबकडच्या एका शाळेत शिक्षिका झाले. शाळेत माझी बाटली सकाळी भरलेली असायची आणि संध्याकाळीही भरलेलीच. चारचौघांत पाणी प्यायचं म्हटलं की माझा घसा आपोआप मिटायचा. अजून मिटतो.

आईला लघवीला जळजळ व्हायची. कंबर धरायची. तिने वर्षानुवर्षं सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा तिचे पाय सुजले होते. डॉक्टर तरुण होते. वारंवार मुतखडे, जंतुसंसर्ग, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. रिपोर्ट खाली ठेवून म्हणाले, "उन्हात काम करता आणि पाणी पीत नाही? इतकी साधी गोष्ट. तुम्हा लोकांना कळत कसं नाही?"

आईने मान खाली घातली. मला उत्तर येत होतं. मी रिपोर्ट उचलून पिशवीत घातला.

मग उलटंच सुरू झालं. मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकेनात, म्हणून पाण्यावर बंदी. दिवसाला दोन पेले, गोळ्यांसकट. मोजून द्यायचं काम माझं. जिने जन्मभर कोणाच्या दारात पाणी मागितलं नाही, ती माझ्याकडे मागू लागली. "बाय, घोटभर दे गो." मी नाही म्हणायचे. ओलं फडकं तिच्या ओठांवर फिरवायचे. ती ते चोखायची. एकदा माझा हात झटकून म्हणाली, "तू पन ओटीवरची झालीस."

होळीच्या आधी ती गेली. जलदान विधीला सगळा वाडा जमला.

या वैशाखात उन्हाळ्यात घ्यायच्या काळजीबद्दल गावात कार्यक्रम ठरला. शाळेला सुट्टी, म्हणून बोलायला मला बोलावलं. जागा काकींची ओटी. माझ्या हातात छापील कागद होता. भरपूर पाणी प्या. तहान लागायची वाट पाहू नका. समोर अंगणात शेतावरच्या आठ-दहा बायका. ओटीवर थंड पाण्याचा जार, त्याच्याजवळ स्टीलचे पेले, आणि बाजूला पिशवीत कागदी कप.

काकी आता थकल्या आहेत. म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमीच समजवा यांना. किती सांगा, पाणी म्हणून पीत नायत." त्यांना खरंच कळत नव्हतं.

"कप कोणासाठी?" मी विचारलं.

"यांच्यासाठी. पिऊन फेकले की झालं. आता आमी तसलं काय पाळत नाय हो."

असं म्हणत त्यांनी एक कागदी कप माझ्यापुढेही धरला.

मी तो घेतला नाही. स्टीलचा पेला उचलला, भरला, तोंड लावलं. मी जोर करून गिळलं. पेला संपवला. पुन्हा भरला आणि पायरीशी बसलेल्या सुनंदापुढे धरला. सुनंदा आमच्याच वाड्यातली, आईसोबत राबावर जायची.

काकींची सून म्हणाली, "अहो बाई, तिला कप आहे ना."

"असू दे. हाच पेला."

सुनंदाने हात पुढे केला नाही. एकदा काकींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुमी जाल निघून. मला उद्या हितंच यायचंय."

मी कागद वाचला नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला.

सुनंदाचं म्हणणं खरं आहे. त्या पेल्याने पाणी पिऊन मी निघून आले, तिला तिथेच कामाला जायचंय. म्हणून उद्या मी तिच्याबरोबर राबावर जाणार आहे. शेणाची टोपली उचलणार. ऊन चढलं की ओटीसमोर उभी राहून दोघींसाठी पाणी मागणार. बसणार नाही. ओंजळ धरणार नाही. आमचं काम काढून घेतलं, तर का काढलं ते तिथेच, सगळ्यांसमोर विचारणार. आणि परवा पुन्हा जाणार.

सुनंदाला तसं सांगितलं. ती हो म्हणाली नाही.

मी जाणार.