हरवलेल्या हवेचा हिशोब मागणाऱ्या बाई

आधी तक्रार. वृंदाबाईंना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून तुम्ही कॉलेजवाले समारंभ करणार, गौरवग्रंथ काढणार, आणि निवृत्तीचा नियम दाखवून माझ्या नातीला, केतकीला, त्यांच्या हाताखालून काढून दुसऱ्या गाईडकडे देणार. तिची पीएचडी पुरी व्हायची आहे. नवे सर म्हणे, "आहे तेवढ्यावर प्रबंध बांधून टाक." ही कुठली रीत? लग्न लागायच्या आधी मांडव उतरवतात का?

आता नमस्कार. मी केतकीची आजी, राहणार लालबाग, शाळा चौथीपर्यंत. या ग्रंथात मला लिहायला लावलं ते खुद्द बाईंनी. "आजींना गोड बोलता येत नाही, म्हणून त्यांचंच घ्या," असं म्हणाल्या.

बाईंची माझी पहिली ओळख भांडणातून झाली. केतकी संशोधनाला लागली आणि जेवायचंच विसरली. एका दुपारी डबा घेऊन मी तिच्या कॉलेजात गेले, बाईंना चार शब्द सुनावायलाच. बघते तर बाई तिच्या शेजारी स्टुलावर, दोघी पडद्याला डोळे लावून.

"काय चाललंय?"

"पाण्यात बुडबुडा वर येतोय," बाई म्हणाल्या.

"त्याला एवढं शिक्षण? माझ्या चहाच्या टोपात या बघायला."

बाईंना राग आला नाही. खुर्ची ओढून त्यांनी मला बसवलं. "टोपात डोकावता येतं, आजी. समुद्राखालून तेल, पाणी आणि गॅस एकाच नळातून येतात, तिथे कोण डोकावणार? म्हणून कम्प्युटरात त्या नळाचे बारीक चौकोन पाडायचे आणि कुठल्या चौकोनात काय किती आहे ते मोजायचं. नळ फुटायच्या आधी कळायला हवं ना?" मग केतकीकडे वळल्या, "आधी जेव. बुडबुडा कुठे पळून जात नाही."

पण तो जात होता. केतकीची चित्रं सुरेख आली, परदेशातल्या परिषदेने निबंध घेतला, तिकीट काढायचं बाकी. बाईंनी चित्र पुन्हा लावायला सांगितलं आणि विचारलं, "वर येताना हा बारीक का होतोय? हवा गेली कुठे?" पाणी आणि हवा जिथे भेटतात त्या काठच्या चौकोनांतून चिमूट चिमूट हवा हिशोबातून गळत होती. शेजारचे एक सर म्हणाले, "मॅडम, चित्र छान दिसतंय. मोजणार कोण?"

"मी," बाई म्हणाल्या.

निबंध मागे घेतला. केतकी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली. मी फोन लावला, "बाई, पोरीचं वर्ष बुडवलंत!"

"बुडवलं," बाई म्हणाल्या. "मी सुरुवातीलाच विचारायला हवं होतं. चूक माझी आहे, तिची नाही."

तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. तीच पद्धत वापरून त्यांनी पूर्वी स्वतःचा निबंध छापला होता. तो काढून तपासला, तिथेही हवा गळलेली. ज्या मासिकात नाव झालं, त्याच मासिकात त्यांनी आपली चूक आपल्या नावाने छापून घेतली. दुसऱ्याची चूक चव्हाट्यावर आणणारे मी पुष्कळ पाहिलेत, आपली आणणाऱ्या या एकट्याच.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा थेंब घालायला केतकी घरी राहिली. तर बाई दर शनिवारी ठाकूरद्वारहून लॅपटॉप घेऊन आमच्याकडे. चटईवर बसून दोघींचं काम चाले. काळा चष्मा लावून मी बांगड्याचं तिखलं वाढी.

"बाई, काटे बघा हां. लक्ष सगळं त्या डब्यात."

"काटा लागला तर ओरडेन, आजी. हा कम्प्युटर चुकला तरी गप्प बसतो. भीती त्याची."

त्या चटईवरच अर्धी गळती सापडली. एकटा बुडबुडा आता पुरा वर पोचतो. पण फुटून त्याचे दोन झाले की हवा अजून हरवते. तेवढं राहिलंय, आणि ते शोधायला बाई हव्यात.

केतकीचा बाप परवा म्हणाला, "प्रबंध देऊन टाक ना गो. डॉक्टर झालीस की झालं."

"बाबा, हवा कमी पडतेय," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला बसली. हे बाईंचं शिक्षण. आता ते मागे घेता येणार नाही.

मी बाईंना म्हटलं, "तुम्ही बोला की ऑफिसात." तर म्हणाल्या, "माझ्यासाठी नियम वाकवा, असं मी सांगणार नाही." बरोबर. त्यांनी सांगूच नये. मी सांगते.

बाईंचे हातपाय धड राहोत, नजर अशीच बोचरी राहो. माझ्याहून जास्त वर्षं त्यांना मिळोत, आणि त्यातलं एकही नुसतं आरामखुर्चीत न जावो.

आता विभागप्रमुखांना विचारते. केतकीचा प्रबंध पुरा होईपर्यंत बाई तिच्या गाईड राहणार की नाही? हे बाईंना विचारायचं नाही, केतकीला केबिनमध्ये बोलावून समजवायचं नाही, क्लार्ककडून कागद धाडायचा नाही. समारंभात पहिलं भाषण तुमचं आहे. मी पुढच्या रांगेत बसणार आहे. उत्तर तुम्हीच द्यायचं, उभं राहून, सगळ्यांसमोर.