बुधवारी माझ्या घरचं वाचन

नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, आगमनकाळात, आमच्या बोईसरच्या वस्तीत रोज संध्याकाळी एकेका घरी वाचन असतं. हिरव्या फांद्यांचं, चार मेणबत्त्यांचं चक्र ह्या घरातून त्या घरात जातं. ज्याचं घर, त्यानेच बायबल वाचायचं, असा रिवाज. आमच्याकडे बायको वाचायची. मी तिसरी नापास. मी चटई घालायचो.

ती पावसाळ्याआधी गेली. त्यानंतर मी रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला जायचो, पण मागच्या बाकावर बसायचो आणि कम्युनियनची भाकर घ्यायला उठायचो नाही. कम्युनियनच्या आधी सगळे म्हणतात, प्रभू, तू माझ्या छपराखाली यावंस एवढी माझी लायकी नाही, तू नुसता शब्द बोल, मी बरा होईन. ते माझ्या तोंडातून निघेना. तिच्या आजारपणात पाच महिने मी तोच शब्द मागत होतो. तो बोलला नाही. मग मी का बोलू?

आगमनकाळ लागायच्या आधी शेजारीण आली. तिचा नवरा तारापूरला कारखान्यात पाळीवर असतो. बायकोच्या शेवटच्या दिवसांत पेज हीच आणायची.

"काका, बुधवारी तुमचं घर."

"माझं घर सोडा."

"सोडतो की आम्ही. तुमच्या दारात रस्त्यावर बसतो. डास चावले तर पाप तुमच्या माथी."

मी बायकोचं बायबल काढलं. लाल फीत जिथे होती तिथे उघडलं, तेच वाचायचं असणार असं धरलं आणि रोज दुपारी शब्दाखाली बोट धरून घोकलं. निघालं काय, तर मिस्सातलं ते वाक्य मुळात ज्याचं, त्या रोमी अंमलदाराचंच. त्याचा चाकर घरी आजारी. येशू म्हणाला, येतो. तर हा म्हणतो, माझ्या छपराखाली नको, तू नुसता शब्द बोल. आणि चाकर बरा झाला. त्याचा चाकर बरा झाला! मी बायबल मिटून टाकलं. दुसऱ्या दिवशी परत उघडलं.

बुधवारी पंधराएक माणसं आली. पहिला आठवडा, म्हणून एकच मेणबत्ती लावली. मी दोन ओळी वाचल्या, तर शेजारीण हळूच म्हणाली, "काका, आजचं हे नाय."

तेव्हा डोक्यात शिरलं. प्रत्येक दिवसाचं वाचन ठरलेलं असतं, आणि फीत मागच्या वर्षीची. त्या वर्षी आमची पाळी सोमवारी होती. बायकोनं ह्या घरात शेवटचं वाचलं ते हे.

कारखान्यातला माझा जुना जोडीदार भिंतीला टेकून बसला होता. "वाचू दे गं. त्याला दुसरं येत नाय."

सगळे हसले. मीपण हसलो, खूप दिवसांनी.

पुढे वाचत त्या वाक्यापाशी आलो आणि अडलो. बोट जागेवर, पण अक्षर दिसेना. तेवढ्यात ती सगळी माणसं एकदम म्हणायला लागली. ठरवलं कुणी नव्हतं, मिस्सातली सवय. पुस्तकात चाकर बरा होईल असं होतं. ते म्हणाले, मी बरा होईन. इतके महिने मागच्या बाकावरून ऐकलेलं ते आता माझ्याच छपराखाली, समोरून.

मी म्हटलं नाही. खोटं कशाला सांगू? पण बोट पुढे सरकवलं आणि शेवटपर्यंत वाचलं.

मग शेजारणीनं त्या दिवसाचं वाचलं. सात भाकरी, थोडे मासे, आणि जमिनीवर बसलेली भुकेली माणसं.

"ऐकून भूक लागली," जोडीदार म्हणाला. "हाय का काय घरात?"

भाकऱ्या शेजारणीनं आणल्या होत्या. सुक्या बोंबलाची चटणी मी केली होती. तिखट जास्त पडलं होतं. सगळ्यांनी पाणी पीत पीत संपवली.

रविवारी मी मागचाच बाक धरला. जोडीदार पुढची जागा सोडून माझ्या बाजूला येऊन बसला. ते वाक्य आलं. त्यानं माझ्याकडे न बघता मोठ्यानं म्हटलं. मी अर्धं म्हटलं, छपराखालचं. शब्दाचं अजून जमत नाही.