गावडेसाहेबांचा असिस्टंट

माणसानं मूर्खपणा जरूर करावा, त्याशिवाय म्हातारपणी सांगणार काय? पण स्वतःच्या हॉलमध्ये, बायकोसमोर, आणि तोही आयएसडी कॉलवर? मी केला! चहा ओता, सगळं सांगतो.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, दुबईच्या करामा भागातली. मोबाइल तेव्हा बड्या साहेबांच्या कमरेला असायचा, बाकी सगळे घरच्या फोनवाले. दुबईतल्या दुबईत बोलणं फुकट, त्यामुळे आमच्या बायका एकमेकींना भाजीला फोडणी घातल्याचंसुद्धा कळवायच्या. पण भारतात फोन लावला की काळजात धस्स व्हायचं. एका कॉलचे दिरहम रुपयांत मोजले तर गावाकडे आठवड्याचा बाजार झाला असता!

आमच्या मराठी मंडळात तीसेक कुटुंबं होती. त्याशिवाय मजुरांच्या कॅम्पात राहणारे आपले लोक, गवंडी, सुतार, प्लंबर. त्यांना घरच्यांचा आवाज ऐकायचा तर फोनचं कार्ड घ्यायचं, बूथपाशी रांग लावायची, आणि "कशी आहेस?" विचारून उत्तर यायच्या आत कार्ड खलास. एका शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मंडळाच्या मीटिंगमध्ये आमचे अध्यक्ष दाबकेकाका उभे राहिले.

"प्रत्येक घरानं महिन्याला दहा दिरहम काढायचे. त्यातून कॅम्पातल्या माणसांना दर शुक्रवारी दहा मिनिटं घरी फोन. बोला, मंजूर?"

मंजूर? अहो, साबुदाणा वडे गार झाले तरी भांडण गरम!

"दहा दिरहम म्हणजे शंभर रुपये झाले!" सामंत उसळला. हा सामंत एका गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर होता. "दुसऱ्यानं बायकोशी बोलायचं आणि बिल मी भरायचं? माझ्याच बायकोशी बोलायचं मी बिल बघून कमी केलंय!"

कोणी म्हणालं, सगळ्यांना सारखी वर्गणी कशाला, ज्याचा फ्लॅट मोठा त्यानं जास्त द्यावी. त्यावर दोन बेडरूमवाले एका सुरात ओरडले, "फ्लॅट मोठा आहे, पगार नाही!" कोणी म्हणालं, हे तर फोन कंपनीनं करायला हवं. काका म्हणाले, "कंपनी करेल रे, आणि तुझ्याच बिलात चढवेल. खिसा तोच, हात वेगळा."

इथे मी तोंड उघडलं. कशाला उघडलं, देव जाणे!

"पैसे द्यायला माझी ना नाही," मी म्हणालो, "पण गरजू कोण, हे ठरवणार कोण? उद्या चांगले कमावणारेसुद्धा फुकटात गप्पा हाणतील!"

टाळ्या पडल्या. मला चेव आला. दुबईला यायच्या आधी मी दोन वर्षं तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यांच्या खिडकीत बसलो होतो. त्या खिडकीतून माणूस एकदा खरा-खोटा बघायला शिकला की जन्मभर त्याची नजर तशीच राहते. मी तिथल्या तिथे चौदा प्रश्नांचा फॉर्म सुचवला.

"यल्ला, चल, मग तूच तपासनीस," काका म्हणाले. "आणि फोनही तुझ्याच घरचा वापरू. बिल मंडळ भरेल."

अशी ती जबाबदारी आमच्या हॉलमध्ये आली.

पहिल्या यादीत रघुनाथ गावडे होता. शटरिंगचा सुतार, म्हणजे काँक्रीट ओतायचे लाकडी साचे ठोकणारा, कुडाळकडचा. शुक्रवारी अकराला इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, चपला जिन्यातच काढायचा आणि सोफ्याच्या अगदी कडेवर बसायचा. माझी बायको शुभांगी त्याला चहा द्यायची. पहिले दोन शुक्रवार तो म्हातारीशी, म्हणजे आईशी, बोलला, औषधं, पाऊस, गाय व्याली का. तिसऱ्या शुक्रवारी मात्र त्याचा आवाज बदलला. मी मटार सोलत होतो. कान फोनवर, हो, तपासनीस ना मी!

"होय होय, एसी आहे. न्यायला गाडी येते ना, ड्रायव्हर असतो. जेवणाक आचारी ठेवलेलो आहे कंपनीनं. काय? पोहायचा तलाव? आहे की! माझ्याच हाताखाली झालो तो."

माझ्या हातातला मटार खाली पडला. एसी? ड्रायव्हर? आचारी? आणि तलाव? आणि हा माणूस आमच्या दहा-दहा दिरहमांवर बोलतोय!

"अहो, त्याचे हात बघितलेत का?" तो गेल्यावर शुभांगी म्हणाली. "घट्टे पडलेत नुसते."

"हात बघून दाखला मिळत नसतो!" मी ठणकावलं, आणि लाल पेनानं 'अपात्र' लिहून कॅम्पवर निरोप धाडला.

पुढच्या शुक्रवारी गावडे आला नाही. त्याच दुपारी मंडळाची मीटिंग होती. मी अहवाल वाचला. एसी, गाडी, ड्रायव्हर, आचारी. तलाव मुद्दाम शेवटी ठेवला होता. वाचून झाल्यावर मी टाळ्यांसाठी थांबलो.

सामंत फिसकन हसला, आणि मग अख्खी खोली! दाबकेकाका धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले.

"अरे येड्या! एसी म्हणजे साइटवरचा ऑफिसचा कंटेनर, तिथं तो हजेरीला जातो. ड्रायव्हरची गाडी म्हणजे कॅम्पची बस. आचारी म्हणजे मेसवाला. आणि तलावाचं शटरिंग त्यानंच केलंय!"

"पण मग तो खोटं का बोलला?"

"गल्फातून घरी खरं कोण बोलतं रे? तू काय सांगितलंयस सासऱ्यांना?"

मी ड्राफ्ट्समन. सासऱ्यांना सांगितलं होतं, सीनियर इंजिनियर. मी अहवालाची घडी घातली.

"मी तर मॅनेजर आहे," सामंत छाती काढून म्हणाला. "फक्त रत्नागिरीत!"

पुन्हा हशा. मग काका एकदम गंभीर झाले. "विनायक, तो म्हातारीशी नव्हता बोलत. बहिणीचं लग्न जमवतोय बिचारा, बाप नाही तिला. ती मुलाकडची माणसं होती. आज अकराला सुपारीचं पक्कं करायचं होतं, मला सांगून गेला होता."

घड्याळात तीन वाजले होते. खरं सांगतो, इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. मटार सोलता सोलता मी एका मुलीचं लग्न मोडलं होतं!

सामंतच्या गाडीतून आम्ही कॅम्पवर गेलो. गावडे बादलीत कपडे भिजवत बसला होता. मला बघून उठून उभा राहिला, त्यानं तर मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"यादीत नाय म्हणाले, म्हणून कार्डावरनं लावला, भाऊ," तो म्हणाला. "एका मिनिटात कटला. दुसरा कार्ड घेऊन म्हातारीक लावला, तर तिच्याकडे निरोप येऊन गेलेलो. मुलाचा बाप म्हणतो, एवढो मोठो साहेब आणि एक फोन पुरा होत नाय? काहीतरी गडबड आहे."

"चल," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता माझ्या घरी. हवा तेवढा बोल."

घरी येऊन कुडाळला मुलाच्या बापाचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजायला लागली तशी गावडे सोफ्यावरून ताडकन उठला. त्यानं रिसीव्हर माझ्या हातात कोंबला.

"तुम्हीच बोला, भाऊ. साहेब कामात होते म्हणून सांगा. तुम्ही शिकलेले."

"हॅलो? कोण?" पलीकडून खणखणीत आवाज.

"नमस्कार! मी… गावडेसाहेबांच्या ऑफिसातून बोलतोय. त्यांचा असिस्टंट."

आमची सात वर्षांची केतकी ड्रॉइंग सोडून उठली. "बाबा, आर यू हिज प्यून?"

"श्श!"

"आज फोन मध्येच तुटला तो?" म्हातारा म्हणाला.

"तो… माझ्याच हातून कटला हो. माझीच चूक."

"मग साहेब रागावले असतील तुमच्यावर?"

"फार!" हे तरी खरं होतं, सगळं मंडळ रागावलं होतं.

आणि मग काय झालं मला, कोण जाणे! चूक निस्तरायच्या भरात माझी गाडी सुटली ती सुटलीच. "साहेबांशिवाय इथे एक भिंत उभी राहत नाही! बड्या इमारतीला आधी साहेबांचा हात लागतो, मग काँक्रीट पडतं! अरबसुद्धा आल्या आल्या विचारतो, हबीबी, गावडे कुठाय?"

गावडे माझा शर्ट ओढत होता. "बस करा भाऊ! उद्या ते मोटारसायकल मागतील!"

मी करकचून ब्रेक लावला. "पण साहेब अगदी साधे हो. देणंघेणं, बडेजाव, त्यांना बिलकुल आवडत नाही. त्यांच्यापुढे हुंड्याचं नाव काढायची आमची हिंमत नाही!"

पलीकडे म्हातारा घरातल्या कोणाशी तरी कुजबुजला. मग म्हातारा म्हणाला, "माणूस मोठा आणि पाय जमिनीवर. आम्हाला पसंत आहे. सुपारी पुढच्या गुरुवारी."

गावडेनं तिथेच फरशीवर बसकण मारली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शुभांगी डोळे पुसत साखर आणायला धावली. आता मी फोन ठेवायचा ना? संपलं ना सगळं?

तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "तुम्ही मोठे गोड बोलता. नाव काय तुमचं? कुठले तुम्ही?"

आता तुम्हीच सांगा. मराठी माणूस पगार लपवेल, वय लपवेल, पण 'कुठले तुम्ही' म्हटल्यावर त्याचं तोंड बंद राहील का? मी फुललो!

"मी विनायक, मूळचा वेंगुर्ल्याचा. सासुरवाडी तुमच्या कुडाळचीच! परुळेकर मास्तरांचा जावई!"

"मास्तरांचे जावई? अहो, रोज संध्याकाळी देवळात भेटतात मला!"

शुभांगीच्या हातातला साखरेचा डबा तसाच राहिला.

महिन्याभरानं कुडाळहून एक ओळखीचे आले. सासऱ्यांनी त्यांच्याबरोबर जत्रेतलं गोड खाजं पाठवलं होतं, आणि एक पाकीट. आत पाचशे रुपये आणि मास्तरी अक्षरात पत्र.

'चि. विनायकराव यांस अनेक आशीर्वाद. आपण गावडेसाहेबांच्या हाताखाली आहात हे कळले. कामात कमीपणा मानू नये. साहेबांचा फोन पुन्हा तोडू नये. आपल्या पगारात आयएसडी परवडत नसणार, हे आमच्या आधीच ध्यानात यायला हवे होते. सोबत पेन्शनीतून अल्पस्वल्प पाठवीत आहे. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवीत जाईन. शुभीने निःसंकोच घरी फोन करावा.'

रिटायर झालेला मास्तर स्वतःचा चहा कमी करून दुबईच्या माझ्या फोनला पैसे देणार? मी तिथल्या तिथे फोन लावला.

"मामा, सगळं खरं सांगतो. गावडे सुतार आहे हो! मी त्याचा असिस्टंट नाही. मी सीनियर इंजिनियरही नाही. मी ड्राफ्ट्समन आहे, पगार बरा आहे, फोन परवडतो. शपथ घेऊन सांगतो!"

पलीकडे सासरे मायेनं हसले.

"असू दे हो, जावईबापू. गल्फातून सगळे असंच सांगतात. पाचशे पुरतील ना?"